चंद्रावर माणूस नेणारं यान: एकट्याने बांधायचं की भागीदारीत?

जॉबरचा_पोरगा (साखर पेठ)

परवा आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकाने टाकलं, "२०४० पर्यंत भारतीय माणूस चंद्रावर उतरवायचा म्हणतात. मग त्या यानातला स्क्रूसुद्धा आपलाच पाहिजे, नाहीतर जाऊच नये." खाली अंगठ्यांची रांग लागली. तिथे वाद घालून उपयोग नव्हता, म्हणून इथे धागा काढतोय.

माझं मत सरळ आहे. अख्खं यान एकट्याने बांधायचा हट्ट सोडावा. कुणाच्या तरी चांद्रयानाचा एक असा भाग आपण अंगावर घ्यावा, की तो नसेल तर ते यान जागचं हलणारच नाही.

ओरायन घ्या. सगळे त्याला नासाचं यान म्हणतात. चौघे बसतात ती वरची कुपी लॉकहीड मार्टिनची, हे बरोबर. पण तिच्या खाली जोडलेलं सर्व्हिस मॉड्यूल युरोपचं आहे. सांगाडा इटलीत तुरिनला, सौरपंख नेदरलँड्समध्ये, आणि सगळी जुळणी जर्मनीत ब्रेमेनला एअरबसकडे. पाणी, ऑक्सिजन, वीज, यान गार किंवा उबदार ठेवणं, दिशा बदलणं, सगळं तिथूनच. त्यावर ३३ इंजिनं असतात. एक मोठं, आठ मधली, चोवीस बारकी. त्यातलं मोठं मात्र अमेरिकेचं, तेही स्पेस शटलवरून उतरवलेलं! पहिल्या मॉड्यूलवर बसवलेलं इंजिन आधी १९ वेळा शटलबरोबर वर जाऊन आलं होतं. अमेरिकेने ते युरोपला धाडलं, युरोपने मॉड्यूलमध्ये बसवून अमेरिकेला परत दिलं, आणि १६ नोव्हेंबर २०२२ला त्याने माणसांविना चंद्राची वाट धरली. ११ डिसेंबरला कुपी प्रशांत महासागरात व्यवस्थित उतरली.

यात युरोपचा फायदा काय? आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या चालू खर्चात त्यांचा वाटा असतो. तो रोख न देता ते वस्तू बनवून फेडतात. पूर्वी एटीव्ही नावाची मालवाहू यानं पाठवून फेडायचे, पुढे ओरायनचं मॉड्यूल त्याच एटीव्हीच्या अनुभवावर उभं केलं. म्हणजे पैसा त्यांच्याच कारखान्यांत राहिला, हात तयार झाले, आणि वर चंद्राकडे जाणाऱ्या यानात जागा मागायचा हक्क आला.

माझे वडील गिरणीत जॉबर होते, म्हणजे माग चालू ठेवणारे आणि दुरुस्त करणारे. मागावर डॉबी (नक्षी विणणारा भाग) एका कंपनीची, मोटार दुसरीची, बाकीचे सुटे भाग कुठून कुठून आलेले. पण माग बंद पडला की शेठला वडिलांकडेच यावं लागायचं. आपण तसं व्हावं, एवढंच म्हणणं आहे.

विडी_घरकुल_एक्सप्रेस

काय बे, क्रायोजेनिक, म्हणजे अतिथंड इंधनावर चालणाऱ्या रॉकेट इंजिनाचं विसरला का? १९९१ला रशियाच्या ग्लावकॉसमॉस या अंतराळ कंपनीबरोबर करार झाला. १९९२ला अमेरिकेने त्यांच्यावर आणि इस्रोवर, दोघांवरही निर्बंध घातले. १९९३ला रशियाने हात वर केले. म्हणे तंत्रज्ञान नाही देत, सात तयार इंजिनं घ्या. आपलं स्वतःचं क्रायो इंजिन धड उडालं कधी? जानेवारी २०१४. वीस वर्षं गेली की दुसऱ्याच्या भरवशावर.

आणि चांद्रयान-२ बद्दल बोल ना. २००७ला ठरलं की लँडर रशिया देणार. मंगळाच्या चंद्राकडे निघालेलं त्यांचं फोबोस-ग्रुंट यान २०११ला फसलं, मग आज देतो उद्या देतो. शेवटी लँडर आपणच केला. तो २०१९ला आपटला, पण २३ ऑगस्ट २०२३ला दुसरा उतरवून दाखवला की नाही? कुणाची भागीदारी नव्हती त्यात.

जॉबरचा_पोरगा

क्रायोचा घाव खराच आहे. पण तो विकत घेण्याचा व्यवहार होता, भागीदारी नव्हे. आपण पैसे देणार, ते माल देणार. आपला कुठलाच भाग त्यांच्या रॉकेटमध्ये अडकलेला नव्हता, म्हणून सोडून जाताना त्यांचं काही बिघडलं नाही. मी नेमकं याच्या उलट मागतोय.

आणि चांद्रयान-१ का विसरलास? त्यावर अकरा उपकरणं होती, सहा परदेशी. चंद्रावर पाण्याचे अंश सापडले म्हणून जगभर नाव झालं, तो शोध मुख्यतः नासाच्या एम-थ्री उपकरणातून लागला. यान आपलं, उपकरण त्यांचं, नाव दोघांचं. काय वाईट झालं?

बाळीवेस_बातमीदार

शहरात नळाला रोज पाणी येत नाही आणि इथे चंद्रावरचं पाणी मोजतायत. चालू द्या.

जॉबरचा_पोरगा

उजनीवर वेगळा धागा काढ, तिथे तुझ्या बाजूने भांडेन. इथे नको.

निवृत्त_भौतिकशास्त्र

थोडं मागे जाऊन सांगतो, कारण दोन्ही बाजू भागीदारी म्हणजे फक्त राजकारण समजतायत. अर्धी भांडणं यंत्राची असतात.

१७ जुलै १९७५ला अमेरिकेचं अपोलो आणि सोव्हिएत संघाचं सोयूझ अंतराळात जोडलं गेलं. अडचण काय होती पाहा. अपोलोत जवळपास शुद्ध ऑक्सिजन, तोही वातावरणाच्या साधारण एक तृतीयांश दाबावर. सोयूझमध्ये आपल्या घरात असते तशी हवा, पूर्ण दाबावर. दार उघडून माणूस थेट पलीकडे गेला असता तर रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होऊन तो आजारी पडला असता. म्हणून मध्ये एक छोटी खोली बांधावी लागली. आधी त्या खोलीत शिरायचं, दाब बदलायचा, मग पुढचं दार. सोव्हिएतांनीही जोडणीच्या काळापुरता आपला दाब दोन तृतीयांशावर आणला, म्हणजे खोलीत फार वेळ बसावं लागू नये.

जोडणीचं कडंही नवीन केलं. पूर्वी एका यानाला दांडा असायचा आणि दुसऱ्याला खोबण. इथे दोन्हीकडे सारखीच रचना ठेवली, कुणीही कुणाला पकडावं. पुढे १९९५ला अमेरिकेचं शटल रशियाच्या मीर स्थानकाला जोडलं गेलं, ते याच घराण्यातल्या सुधारलेल्या कड्याने. दोन दिवसांच्या भेटीसाठी केलेलं काम वीस वर्षांनी कामी आलं.

आता एकट्याने बांधलं की सगळं जुळतं, असं मानणाऱ्यांसाठी. अपोलो-१३ संपूर्ण अमेरिकन होतं. मुख्य यान एका कंपनीचं, चांद्र लँडर दुसरीचा. एप्रिल १९७०मध्ये स्फोट झाल्यावर तिघे लँडरमध्ये आले आणि कार्बन डायऑक्साइड वाढू लागला. मुख्य यानातले हवा शुद्ध करणारे डबे चौकोनी, लँडरमधली जागा गोल! प्लॅस्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा आणि चिकटपट्टी लावून ते जुळवावं लागलं. एक देश, एक संस्था, एक मोहीम, तरी हे घडलं. कारण ते डबे एकमेकांत बसावेत असं आधी कुणी ठरवलंच नव्हतं.

होटगी_रोडची

सर, नमस्कार. मी मूळची सोलापूरची, आता पुण्यात एरोस्पेसचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत आहे. रोज परदेशी ड्रॉइंगवरच काम करते, म्हणून थोडं तिखट बोलते.

जॉबर दादा, तुमच्या मागाच्या उदाहरणात एक गोष्ट राहिली. माग बंद पडला की शेठ जॉबरकडे येतो, मान्य. पण गिरणी बंद करायची की नाही, हे शेठ जॉबरला विचारत नाही. सोलापूरकरांना हे मी सांगायला नको.

युरोपचं तेच चाललंय. चंद्राभोवती गेटवे नावाचं स्थानक बांधायचं ठरलं. एका मॉड्यूलचं कवच तुरिनमध्ये तयार होऊन एप्रिल २०२५मध्ये अमेरिकेत पोचलं. पुढच्याच महिन्यात व्हाइट हाऊसचा अर्थसंकल्पी प्रस्ताव आला: गेटवे रद्द करा, आणि ओरायन व त्याचं रॉकेट नासाच्या आर्टेमिस चांद्रकार्यक्रमातल्या आर्टेमिस-३ मोहिमेनंतर निवृत्त करा. मग जुलैत त्यांच्या संसदेने परत पैसे दिले. म्हणजे ब्रेमेन आणि तुरिनमधल्या लोकांच्या पोटापाण्याचा निर्णय वॉशिंग्टनमध्ये एकदा असा आणि एकदा तसा झाला, आणि युरोपला त्यात मत नव्हतं. यान उडण्यासाठी तुमचा भाग लागतो हे ठीक आहे. पण यान उडवायचंच नाही असं ठरलं तर तुमचा भाग गोदामात.

दुसरं, ड्रॉइंग. आम्हाला भागाचं माप मिळतं, टॉलरन्स (मापात किती फरक चालेल ते) मिळतो, धातू कुठला ते मिळतं. तो भाग कुठे बसतो, त्यावर भार किती येतो, हे विचारलं की ईमेलला उत्तरच येत नाही. अमेरिकेचे निर्यातीचे नियम तसे आहेत, समोरच्या इंजिनिअरचा दोष नाही. अशी वर्षं काढून हात तयार होतात, डोकं होत नाही. गगनयानमधली हवा शुद्ध ठेवणारी यंत्रणा बाहेरून घ्यायचा प्रयत्न झाला होता. कुणी द्यायला तयार नाही, असं तेव्हाचे इस्रोप्रमुख सोमनाथ जाहीरपणे म्हणाले. मग ती घरीच करायला घेतली. ते ज्ञान आता कुणी काढून घेऊ शकत नाही.

विडी_घरकुल_एक्सप्रेस

ताई, एक नंबर! चीनने पण एकट्यानेच केलं की. अमेरिकेने २०११ला कायदा करून दारं बंद केली, तरी त्यांचं स्वतःचं स्थानक वर फिरतंय आणि २०३० पर्यंत चंद्रावर माणूस म्हणतायत.

निवृत्त_भौतिकशास्त्र

चीनचं "एकट्याने" जरा तपासून घ्या. १९९५ला त्यांनी रशियाशी करार करून सोयूझचं तंत्रज्ञान आणि प्रशिक्षण घेतलं. माणसं नेणाऱ्या त्यांच्या शेनझोऊ यानाची ठेवण पाहा, सोयूझची आठवण आल्याशिवाय राहत नाही. शिकून मग मोठं केलं, हे श्रेय त्यांचंच. पण शून्यातून नाही.

जॉबरचा_पोरगा

होटगी रोडच्या ताई, गिरणीचं उत्तर वर्मी लागलं. पण त्यातून "एकट्याने बांधा" कसं निघतं?

आपलं गगनयान पृथ्वीपासून साधारण ४०० किलोमीटरवर जाण्यासाठी आहे. तिथून परतताना वेग सेकंदाला आठ किलोमीटरच्या आत असतो. चंद्रावरून परतताना तो अकराच्या घरात जातो. वेग दीडपटीहून कमीच वाढतो, पण ऊर्जा वेगाच्या वर्गात वाढते, म्हणजे किलोमागे दुप्पट. ओरायनसारख्या यानाचीही उष्णतारोधक ढाल पहिल्या फेरीत ठिकठिकाणी अपेक्षेपेक्षा जास्त झिजली आणि त्याचं कारण शोधण्यात बराच काळ गेला. वजनाचं बघा. गगनयान साधारण ८ टन, ओरायन सर्व्हिस मॉड्यूल धरून साधारण २६. आपल्याला नवी ढाल, नवं रॉकेट, नवा लँडर, चंद्रावर चालायचे सूट, सगळं एकदम लागणार. सगळं घरी करायचं म्हटलं तर २०४० विसरा.

जपान पाहा. माणसं नेणारं स्वतःचं यान नाही. त्यांनी अमेरिकेला सांगितलं, चंद्रावर फिरायची बंद, हवा भरलेली गाडी आम्ही देतो. एप्रिल २०२४ला करार झाला, बदल्यात दोन जपानी अंतराळवीर चंद्रावर उतरणार असं लेखी आलं. कॅनडाने यांत्रिक हात देऊ केला, म्हणून आर्टेमिस-२ च्या चौघांत जेरेमी हॅन्सनची निवड झाली. आपण जून २०२३ला आर्टेमिस करारावर सही केली, त्यात मात्र कुठला भाग देणार याचा शब्दही नाही. नुसत्या सहीवर कोण खुर्ची देणार?

होटगी_रोडची

एकट्याने बांधा असं मी म्हटलंच नाही, विडी घरकुल दादांनी म्हटलं. माझा मुद्दा क्रमाचा आहे. आधी गगनयानात माणूस जाऊन सुखरूप परत येऊ द्या. ज्याला स्वतःची कुपी चालवता येते त्याच्याशी लोक वेगळ्या सुरात बोलतात. शुभांशु शुक्ला २०२५च्या जूनमध्ये स्थानकावर गेले, अनुभव मोलाचा, पण सीट अमेरिकन यानातली विकत घेतलेली होती.

आणि भागीदारी करायचीच तर जपानबरोबरच्या चांद्रयान-५ सारखी करा. लँडर आपला, रोव्हर आणि रॉकेट त्यांचं. दोघांनाही एकमेकांवाचून जाता येत नाही. तिथे शेठ कुणीच नाही.

वालचंद_प्रेमी

मध्येच एक. वालचंद हिराचंद आपल्या सोलापुरात १८८२ला जन्मले. त्यांच्या नावाच्या वालचंदनगरात, इंदापूर तालुक्यात, इस्रोच्या बूस्टरची कवचं बनतात. इस्रोच्या एलव्हीएम-३ रॉकेटच्या बाजूला दिसतात ती दोन जाडजूड नळकांडी, सव्वातीन मीटर व्यासाची. गगनयानही त्यांच्याच जोरावर उठणार. बाहेरच्या देशांशी भागीदारी करा नाहीतर करू नका, चिंचोळी एमआयडीसीतल्या एखाद्या वर्कशॉपला त्यातलं काम कसं मिळेल, यावर कुणी बोलत नाही.

होटगी_रोडची

मिळू शकतं. पण आधी गुणवत्तेचं प्रमाणपत्र, मटेरियलचा माग बिलेटपर्यंत (मूळ धातूच्या ठोकळ्यापर्यंत) ठेवणारी कागदपत्रं आणि मोजमापाची वातानुकूलित खोली लागते. आपल्याकडे लेथवर हात चालणारे लोक आहेत, ही खोली बऱ्याच जणांकडे नाही. कुणी मनावर घेणार असेल तर मेसेज करा, काय काय लागतं ते सांगते.

जॉबरचा_पोरगा

मग भाग कुठला घ्यायचा, यावर बोलू. मी म्हणतो जोडणीचं कडं. त्याचं आंतरराष्ट्रीय मानक २०१० पासून सगळ्यांसाठी खुलं आहे, ड्रॉइंगसाठी कुणाच्या पाया पडायला नको. जानेवारी २०२५मध्ये इस्रोच्या स्पेडेक्स प्रयोगातली दोन छोटी यानं आपण वर जोडून दाखवली. त्यांचं कडं ४५ सेंटिमीटरचं होतं, माणसांसाठी ८० सेंटिमीटरचं करायचं आहे. ते केलं की आपली कुपी त्यांच्या स्थानकाला लागेल, त्यांची आपल्या नियोजित स्थानकाला, आणि वॉशिंग्टनमध्ये काहीही ठरलं तरी कडं आपल्याच उपयोगी पडेल.

होटगी_रोडची

याला माझी हरकत नाही. पण खुल्या मानकाचं कडं कुणीही बनवू शकतो, मग तुमच्यावाचून कुणाचं अडणार? धाग्याच्या सुरुवातीला तुमची अट तीच होती ना?

विडी_घरकुल_एक्सप्रेस

ताईंनी पकडलं बे तुला. 😄

जॉबरचा_पोरगा

पकडलं तर पकडलं. कड्याने अडणार नाही, पण बोलणी सुरू होतील. अडवायचं असेल तर चंद्रावरून परतताना लागणारी ढाल घ्यावी लागेल, आणि ती आज आपल्याकडे नाही. सर, तुम्ही कुठला भाग निवडाल?

निवृत्त_भौतिकशास्त्र

हवा शुद्ध करणारी यंत्रणा. कुणी दिली नाही म्हणून आपण ती बनवायला घेतली, तर उद्या ती दुसऱ्याच्या यानात बसेल अशीच बनवावी. आणि डबे गोल करायचे की चौकोनी, ते आधी विचारून घ्यावं.