प्रयोगशाळेपेक्षा वेळापत्रक बघा
निवडक मुलांसाठीच्या विशेष विज्ञानशाळांबद्दल ‘विशेष विज्ञानशाळा म्हणजे महागडी उपकरणं, म्हणून त्या मोजक्यांनाच परवडणार’ असं म्हटलं जातं. हा मुद्दा मला अर्धाच पटतो. पैसा लागतो, पण खरी टंचाई सलग वेळेची असते.

साध्या लंबकाने g, म्हणजे गुरुत्वत्वरण, मोजायचा प्रयोग घ्या. लांबी 1 मीटर, म्हणजे एका आंदोलनाला जेमतेम 2 सेकंद. हाताने स्टॉपवॉच दाबताना 0.2 सेकंदांची चूक सहज होते. एकच आंदोलन मोजलं तर आवर्तकाळात (एका आंदोलनाच्या वेळात) 10 टक्के आणि g मध्ये सुमारे 20 टक्के फरक पडतो. 20 आंदोलनं मोजली की g मधली चूक 1 टक्क्यावर येते. मग लांबी गोळ्याच्या केंद्रापर्यंत न मोजता वरच्या कडेपर्यंत मोजलेली सापडते, किंवा गोळा 30 अंशांपर्यंत ओढलेला असतो (त्याने g तीनेक टक्के कमी येतो). हे शोधायला दोरा आणि नट पुरतो, पण दीड-दोन तास हवेत. 35 मिनिटांच्या तासिकेत मुलं g चं पुस्तकातलं उत्तर 9.8 आधी लिहितात आणि निरीक्षणं मागून जुळवतात. जर्नल मात्र सुबक!

अशा शाळेतल्या निवडक मुलांना होणारा फायदा शाळेबाहेरही पोचवता येतो. सोव्हिएत गणितज्ञ कोल्मोगोरोव यांनी 1963 मध्ये मॉस्कोत निवासी शाळा काढली, तर 1964 मध्ये तिथलेच दुसरे गणितज्ञ गेलफांड यांनी टपालाने चालणारी गणितशाळा. गणितं पोस्टाने जायची, उत्तरं तपासून परत यायची. या दुसऱ्या नमुन्याला इमारतही लागत नाही. लागतात ते वह्या नीट वाचून चूक नेमकी कुठे झाली हे लिहिणारे तपासनीस, आणि शाळा काढताना त्यांची तरतूद बहुधा कुणी करत नाही.