कॉलेज-हॉस्टेलात अडचणीच्या वेळी मदत कशी बोलावली? अनुभव सांगा

काल अमरावती रोडनं घरी येताना भरतनगरजवळ सायरन वाजवत अ‍ॅम्ब्युलन्स गेली अन् 2016 चा मे आठवला. परीक्षा सुरू होत्या. रात्री दहालाही हॉस्टेलच्या भिंती तापलेल्या. रूममेट चालू कूलरमध्ये पाणी भरत होती, तिला शॉक लागला. मी ओढायला धावले तर शेजारची ताई ओरडली, "हात लावू नको, आधी मेन बंद कर!" मग 108 लावला. "कुठून बोलता?" "हॉस्टेलवरून." कोणतं हॉस्टेल, कोणतं गेट, मला काही सांगताच येईना. गाडी मागच्या गेटवर गेली, तिथं कुलूप. शेवटी चौकीदारकाका टॉर्च घेऊन रस्त्यावर पळाले अन् गाडी घेऊन आले. ती वाचली. उजव्या तळहातावर पांढरा डाग आहे अजून.
तुमच्यासोबत काय झालं होतं?

–

मागचं गेट!! आमच्याकडेही तेच. किल्ली ज्याच्याकडे तो जेवायला गेलेला. तेव्हापासून एक जण फोनवर, एक जण गेटवर, असंच करतो आम्ही.

–

ताई, वाचूनच काटा आला. आमचा कूलरही बाहेरून हात लावला की झिणझिण करते. आजच इलेक्ट्रिशियनला बोलावते.

–

112 वर पोलीस, फायर, अ‍ॅम्ब्युलन्स तिन्ही मिळतात. फोन लॉक असला तरी इमर्जन्सी कॉल लागतो. फक्त मुख्य केंद्र नवी मुंबईत आहे, दुसरं आपल्या नागपुरात. म्हणून आधी "नागपूर" म्हणा, मग कॉलेजचं पूर्ण नाव. "मेडिकलजवळ" म्हटलं तर सरकारी मेडिकल कॉलेज हे आपल्याला कळते, तिकडच्या माणसाला औषधाचं दुकान वाटू शकते.

–

लॅबमध्ये मित्राला फिट आली होती. कोणी चप्पल हुंगवते, कोणी दातात चमचा घालते. मॅडमनी सगळ्यांना मागे सारलं, त्याला कुशीवर वळवलं, डोक्याखाली अ‍ॅप्रन ठेवला अन् घड्याळ पाहत बसल्या. फिट पाच मिनिटांवर गेली की थांबायचं नाही, लगेच अ‍ॅम्ब्युलन्स. त्याची तीनात थांबली.

–

कूलरवरून आठवलं, खसच्या ताट्या कुठं मिळतील? गवताला वास येते.

–

इतवारीत पाहा.

–

माझा मुलगा यंदा फर्स्ट इयरला. होस्टेलात राहील. रॅगिंगची भीती वाटते हो.

–

काकू, 1800-180-5522, रॅगिंगविरोधी हेल्पलाइन, चोवीस तास. अन् पोराचं मन फार खचलं असं वाटलं तर 14416, टेली-मानस, मराठीतही बोलतात. मी थर्ड इयरला असताना खूप एकटा पडलो होतो, तेव्हा हा नंबर नव्हता. त्याला नक्की द्या.

–

दादा, आता बरे आहात ना?

–

हो काकू, बरा आहे.

–

जेवायला बसलाय तो. हात धुतले की त्याच्याच फोनमध्ये टाकून घेते सगळे. गेटचं नावही विचारते.