श्रावणात प्रोटीन कुठून आणायचं? (त्यात सोमवारी उपास आणि सोमवारीच लेग डे, म्हणजे पायांचा व्यायाम)

मंडळी मदत हवी आहे. राहायला भांडुप, वजन 68 किलो, पावसाळ्याच्या तोंडावर जिम चालू केली. आत्तापर्यंत निभावत होतं कारण रोज उकडलेली अंडी आणि मधूनमधून चिकन नाहीतर बांगडा, पण आता श्रावण लागला आणि घरात अंड्याचं नाव काढायची सोय नाही, आई म्हणते महिनाभर नाही खाल्लंस तर काय कुस्ती हरणारेस का.

मसल वाढवायला किलोमागे साधारण 1.6 ग्रॅम प्रोटीन धरतात, म्हणजे मला 110 च्या आसपास. आता घरचा हिशोब बघा, दोन वेळचं वरण मिळून 10-12, मटकीची उसळ 7-8, दोन ग्लास दूध 16, पाच पोळ्या 15, वर 100 ग्रॅम पनीरचे 18. ओढूनताणून 70 होतात. कोरड्या सोया चंक्समध्ये 100 ग्रॅमला 50 च्या वर असतं म्हणून आणले, तर आई म्हणे हे मटणासारखं दिसतंय, श्रावणात नको. झालं!

सोमवारचं तर विचारूच नका. साबुदाणा म्हणजे नुसता स्टार्च, खिचडीत जे काय प्रोटीन ते दाण्याच्या कुटाचं, आणि दाणे जास्त खावेत तर निम्मं तेलच. मग मंगळवार-बुधवार मांड्या अशा धरतात की दादरचा पूल चढतो कसाबसा पण उतरताना कठडा सोडवत नाही. हे उपासामुळे की स्क्वॉट्सनंतर दोन दिवस दुखतंच सगळ्यांना?

ट्रेनर व्हे (प्रोटीन पावडर) आणि बीसीएए (प्रोटीनमधलीच काही अमिनो अ‍ॅसिड्स) दोन्ही घे म्हणून मागे लागलाय. व्हे दुधाचंच, ते आईला पटवेन, पण व्हेमध्ये ती अमिनो अ‍ॅसिड्स असतातच ना, मग वेगळा डबा कशाला? आणि जिम सुटते सातला, मग लोकल, नाश्ता थेट लोअर परळला ऑफिसात साडेनऊला. एवढा उशीर चालतो का? मी वाचलं की दिवसभराचा एकूण आकडा जास्त महत्त्वाचा.

उपासाला चालेल असं पनीर-दह्याशिवाय काय, आणि डब्यात नेता येईल असं काय, तेवढं सांगा. दूध पचतं, बाकी काही त्रास नाही. लेग डे बदल म्हणू नका प्लीज, सोमवारी अख्खी जिम चेस्ट मारत असते, स्क्वॉट्सचा रॅक तेवढाच एक दिवस रिकामा मिळतो. आणि स्टेशनबाहेर गुपचूप भुर्जीपाव खा हा सल्ला मित्रांनी ऑलरेडी दिलाय.