विंडोज १० बंद झालं म्हणजे कारखान्यातले चारही कॉम्प्युटर भंगारात का?

टॉवेल_कारखाना विचारतात:

कारखानदारांच्या ग्रुपवर आठवडाभर हाच विषय चाललाय. एक गट म्हणतोय, विंडोज १० बंद पडलं, आता कॉम्प्युटर भंगारवाल्याला किलोवर घाला. दुसरा म्हणतोय, काही होत नाही ओ, विंडोज ७ अजून चालतंय की, कंपन्यांना नवा माल खपवायचाय. त्यात कालपासून तिसरी बातमी फिरतीय की जून २०२६ नंतर जुने कॉम्प्युटर सुरूच होणार नाहीत. चेष्टा सगळे करतात, पण नेमकं काय करायचं ते कुणी सांगत नाही.

अक्कलकोट रोडला टॉवेलचं युनिट आहे. मशिनी अशा:

पहिलं, आय३-४१३०, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्डडिस्क, विंडोज १० प्रो. यावर टॅली, जीएसटी आणि बँक.
दुसरं, आय५-८४००, ८ जीबी, २५६ जीबी एसएसडी, विंडोज १०. मायक्रोसॉफ्टचं हेल्थ चेक (विंडोज ११ चालेल का बघणारं) लावलं तर टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी चिप) नाही म्हणतंय.
तिसरं, जॅकार्ड डिझाइनचं. विंडोज ७, ३२ बिट, मागे पॅरलल पोर्टला सॉफ्टवेअरच्या लायसन्सचा डोंगल.
चौथं, पेंटियम ई५७००, ४ जीबी. गेटवर आवक-जावक लिहायला आणि मेल बघायला.

नवं घ्यायचं तर किती घ्यायची, आणि कोणतं आहे तसं ठेवलं तर धोका नाही?

नवीपेठ_हार्डवेअर:

मालक, चौघांना एकच उत्तर नाही. आधी बातमी सरळ करू. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत आधार संपला. म्हणजे दर महिन्याला येणारे सुरक्षेचे अपडेट थांबले. कॉम्प्युटर थांबला नाही, लायसन्स गेलं नाही, फाइली गेल्या नाहीत. २४ कोटी पीसी कचऱ्यात जातील असा जो आकडा फिरतोय तो कॅनालिस या संस्थेने डिसेंबर २०२३ मध्ये मांडलेला जगभरचा अंदाज आहे. तुमच्या टेबलावरचा पीसी त्यात येतो का, हे प्रोसेसरचा नंबर सांगतो.

विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा पुढची लागते. तुमचं दुसरं मशिन आठवीचंच आहे, त्यामुळे ते पूर्ण पात्र आहे. टीपीएम नाही म्हणतंय कारण तो बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद आहे. इंटेलच्या बोर्डावर त्याचं नाव पीटीटी असतं, एएमडीवर एफटीपीएम. चिप विकत आणायची गरज नाही.

पण घाईने बायोसमध्ये शिरून सगळं बदलू नका, इथेच लोकांचं फसतं. आपल्याकडे जोडणी केलेल्या बऱ्याच पीसीवर विंडोज जुन्या लेगसी पद्धतीने, एमबीआर डिस्कवर टाकलेलं असतं. अकराला बूट करायची नवी पद्धत, यूईएफआय लागतं, आणि यूईएफआयला जीपीटी डिस्क. एमबीआर आणि जीपीटी म्हणजे डिस्कचे भाग नोंदवायची जुनी आणि नवी पद्धत. तुम्ही आधी सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीने बूट करू देणारं बायोसमधलं सेटिंग, बंद केलं की मशिन ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ म्हणून काळा पडदा दाखवतं आणि माणूस घाबरून फॉरमॅट मारतो. डेटा गेलेला नसतो. सीएसएम परत चालू केलं की जसंच्या तसं उठतं.

बरोबर क्रम असा. पूर्ण बॅकअप बाहेरच्या डिस्कवर. मग स्टार्टवर राइट क्लिक, रन, ‘एमएसइन्फो३२’ आणि त्यात ‘बायोस मोड’ बघा. लेगसी असेल तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘एमबीआर२जीपीटी’ हे टूल आधी ‘व्हॅलिडेट’ आणि ‘अलाऊफुलओएस’ या दोन स्विचसह चालवा. हे फक्त तपासतं, डिस्कला हात लावत नाही. पास झालं तर ‘व्हॅलिडेट’च्या जागी ‘कन्व्हर्ट’. त्यानंतर रीस्टार्ट करून बायोसमध्ये सीएसएम बंद, बूट मोड यूईएफआय, पीटीटी चालू, सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त प्रमाणित सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू. विंडोजमध्ये परत येऊन ‘टीपीएम.एमएससी’ उघडा, तिथे स्पेसिफिकेशन व्हर्जन २.० दिसलं की अपग्रेड सुरू करायला हरकत नाही.

एक आडवा येणारा मुद्दा: फार जुनं वेगळं ग्राफिक्स कार्ड लावलेलं असेल तर सीएसएम बंद केल्यावर स्क्रीनच येत नाही, कारण कार्डच्या बायोसमध्ये यूईएफआयचा भाग नसतो. आय५-८४०० मध्ये ग्राफिक्स आतच आहे. कार्ड काढा, केबल मदरबोर्डला लावा.

पहिल्या मशिनला, म्हणजे चौथ्या पिढीच्या आय३ ला, अधिकृत अकरा नाही. त्याला वाढीव सुरक्षा अपडेट, ज्याला ईएसयू म्हणतात, ते लावा. १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतं. विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती आणि आजवरचे सगळे अपडेट असले पाहिजेत, मग विंडोज अपडेटच्या पानावर ‘एनरोल नाऊ’ दिसतं. मायक्रोसॉफ्ट खातं लागतंच. सेटिंग्जचा बॅकअप वनड्राइव्हला चालू ठेवला तर फुकट, नाहीतर १००० रिवॉर्ड पॉइंट किंवा ३० डॉलर. एका खात्यावर १० मशिन चालतात. कंपनीच्या डोमेनला (सर्व्हरवरून सांभाळल्या जाणाऱ्या जाळ्याला) जोडलेल्या मशिनला ही ग्राहक योजना लागू होत नाही, त्यांचा दर वेगळा: पहिल्या वर्षी मशिनमागे ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, आणि दुसऱ्या वर्षी शिरलात तरी पहिल्याचे पैसे द्यावे लागतात.

जुनं_तेच_बरं:

मला हे पटत नाही. डिफेंडरला व्हायरस ओळखायची माहिती ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहणार, हे मायक्रोसॉफ्टनेच सांगितलंय. ब्राउझरही अपडेट होतोय. मग ईएसयूसाठी खातं काढा, वनड्राइव्ह लावा, हा खटाटोप कशाला? छोट्या कारखानदाराला उगाच भीती घालू नका.

नवीपेठ_हार्डवेअर:

डिफेंडरबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे, पण तो पहारेकरी आहे. भिंतीला पडलेलं भोक तो बुजवत नाही. मे २०१७ चा वॉनाक्राय आठवा. फाइल शेअरिंगच्या जुन्या एसएमबी१ पद्धतीतल्या भोकातून तो कुणी काही क्लिक न करता एका मशिनवरून दुसऱ्यावर गेला. ते भोक बुजवणारा अपडेट मार्च २०१७ मध्येच आला होता. बाधित झालेल्यांत बहुतेक विंडोज ७ होते, आणि ज्यांनी अपडेट वेळेत घेतला त्यांच्यात तो त्या वाटेने शिरला नाही. बँकेचा पासवर्ड ज्या मशिनवर टाइप होतो तिथे मी हा धोका घेऊ देणार नाही. गेटवरच्या मशिनबद्दल तुमचं म्हणणं एकवेळ ऐकेन.

ग्राहक अजून एका गोष्टीत फसतात म्हणून सांगतो. जुना पीसी घ्यायला गेलं की ‘आय७ आहे’ एवढंच सांगतात. आय७-४७७० अकराला चालत नाही, आय३-८१०० चालतो. आडव्या रेघेनंतरचा पहिला आकडा बघा, दहाव्या पिढीपासून पुढे पहिले दोन.

जॅकार्ड_डिझायनर:

तिसऱ्या मशिनबद्दल मी बोलतो. त्याला अपग्रेड अजिबात करू नका, कुणी कितीही सांगू दे. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं. ६४ बिट विंडोजमध्ये ३२ बिटचा ड्रायव्हर चढत नाही, म्हणजे डोंगल दिसत नाही, म्हणजे डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडत नाही. नव्या पीसीला यूएसबी-टू-पॅरलल केबल लावून बघू म्हणाल, तर त्या केबली बहुतेक प्रिंटरपुरत्याच असतात. डोंगल थेट पोर्टच्या पत्त्यावर बोलतो, त्याला ती केबल कळत नाही.

त्याला जगवायचं कसं, ते महत्त्वाचं. लॅनची वायर काढा, वायफायचा डोंगल असेल तर तोही काढा. डिझाइन मागावर न्यायला एकच पेनड्राइव्ह ठेवा, त्यावर खूण करा, तो दुसऱ्या कुठल्याही कामाला वापरू नका. बाहेरून आलेली फाइल आधी दुसऱ्या मशिनवर स्कॅन होऊ दे. ऑटोरन बंद.

आता डिस्क. क्लोनझिलाने हार्डडिस्कची जशीच्या तशी नक्कल एका एसएसडीवर घ्या, एसएसडी मूळ डिस्कएवढी किंवा मोठी असावी. नक्कल लावून मशिन आणि सॉफ्टवेअर दोन्ही उघडून बघा, मगच मूळ डिस्क कपाटात ठेवा. काही सॉफ्टवेअर डिस्कचा क्रमांकही तपासतात, म्हणून मूळ डिस्क पुसू नका.

बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा. हे मी जोर देऊन सांगतोय. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की सेटिंग मूळ जागी जातात. साटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, आयडीईवरून एएचसीआयवर उडी मारतो आणि विंडोज ७ निळा पडदा देतं, शेवटी ७बी असा कोड. लोक समजतात डिस्क गेली. मोड परत आयडीई केला की चालू होतं. पॅरलल पोर्टचा मोडही तसाच बदलतो, ईपीपी आणि ईसीपी या दोन मोडांत गल्लत झाली की डोंगल सापडत नाही. दोन फोटो असतील तर पाच मिनिटांचं काम आहे.

आणि रुई. मागाच्या खोलीतला कॉम्प्युटर उघडला तर हीटसिंकच्या पात्यांवर नमद्यासारखा थर बसलेला असतो, पंखा फिरतो पण हवा पलीकडे जात नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर, मग पीसी आपोआप बंद पडतो आणि दोष विंडोजला जातो. महिन्यातून एकदा ब्लोअर मारा, पण पंख्याचं पातं बोटाने धरून. हवेच्या जोराने तो जास्त वेगात फिरला तर बेअरिंग खराब होतं.

मोकळा_स्रोत:

चौथं, ई५७००. इथे रूफसने (विंडोजचा इन्स्टॉल पेनड्राइव्ह बनवणारं टूल) अकरा टाकून देतो म्हणणारे भेटतील. रूफस टीपीएमची तपासणी गाळतो हे खरं, पण २४एच२ आवृत्तीपासून विंडोज ११ ला प्रोसेसरमध्ये एसएसई४.२ ही सूचनामाला लागतेच. ई५७०० मध्ये ती नाही, त्यामुळे विंडोज बूटच होत नाही. याला कुठलीही युक्ती चालत नाही.

त्यावर लिनक्स मिंट २२ ची एक्सएफसीई आवृत्ती टाका. किमान २ जीबी रॅम म्हणतात, ४ असेल तर ठीक चालतं. आधार २०२९ पर्यंत. आवक-जावक लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये होईल, मेल ब्राउझरमध्ये. आधी पेनड्राइव्हवरूनच लाइव्ह चालवून प्रिंटर आणि नेटवर्क तपासा, इन्स्टॉल नंतर. जुनी मराठी पत्रं श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये असतील तर ते फॉन्ट नसताना अक्षरांऐवजी भलतंच दिसेल. त्या फाइली विंडोजवरच पीडीएफ करून ठेवा.

टॅली मात्र इकडे आणू नका, ते विंडोजचंच आहे. डीएससी टोकनची, म्हणजे यूएसबीवरची डिजिटल सहीसुद्धा विंडोजवर ठेवा. कंपनी आणि एलएलपीला जीएसटीत ती सक्तीचीच आहे, प्रोप्रायटर असाल तर ओटीपीवर काम होतं.

आय३ वर रूफसने अकरा चढेल, त्यात एसएसई४.२ आहे. चालतंही. पण अशा मशिनला अपडेट मिळण्याचा हक्क नाही असं मायक्रोसॉफ्ट स्पष्ट लिहितं, आणि वर्षाची मोठी आवृत्ती आपोआप येत नाही, दरवेळी हाताने चढवावी लागते. घरच्या पीसीला करा. हिशेबाच्या मशिनला नको, यावर माझं आणि वरच्या हार्डवेअरवाल्यांचं एकमत आहे.

टॉवेल_कारखाना:

सगळ्यांचे आभार. जूनच्या बातमीचं राहिलं. आणि दुसऱ्या मशिनवर व्हॅलिडेट चालवलं तर ‘डिस्क लेआउट व्हॅलिडेशन फेल्ड’ आलं. डिस्कवर सी, डी, ई असे तीन भाग आहेत.

नवीपेठ_हार्डवेअर:

आधी जून. सिक्युअर बूटच्या २०११ च्या प्रमाणपत्रांची मुदत जून २०२६ पासून संपू लागते, त्यातल्या विंडोज बूट लोडरच्या प्रमाणपत्राची ऑक्टोबर २०२६ मध्ये. जागी २०२३ ची येतात, विंडोज अपडेटमधूनच. ती नाही आली तरी मशिन सुरू होत राहतं. फक्त बूटच्या टप्प्याला पुढची दुरुस्ती मिळत नाही. म्हणून आय३ ला ईएसयू चालू ठेवा, आणि बोर्ड कंपनीच्या साइटवर बायोसचा नवा अपडेट असेल तर घ्या. बायोस अपडेटनंतर पीटीटी कधीकधी परत बंद होतो, तो बघून चालू करा. विंडोज ७ वाल्या जॅकार्ड मशिनला या बातमीशी काही देणंघेणं नाही, त्यात सिक्युअर बूट वापरलेलंच नाही.

आता फेल्ड. सी, डी, ई तीन दिसतात, पण सिस्टिम रिझर्व्ह्ड नावाचा लपलेला एक असतो, तो धरून चार. टूलला जास्तीत जास्त तीन प्रायमरी चालतात, आणि एक्सटेंडेड किंवा लॉजिकल भाग तर एकही चालत नाही. डिस्क मॅनेजमेंट उघडा. ई भोवती हिरवी चौकट असेल तर तो एक्सटेंडेडमध्ये आहे. त्यातला डेटा बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा, दोन-चार फाइली तिथून उघडून बघा, मग ई डिलीट करा आणि नंतर ती हिरवी रिकामी जागाही डिलीट करा. डी पण त्याच चौकटीत असेल तर त्याचंही हेच. पुन्हा व्हॅलिडेट. पास झाल्यावर कन्व्हर्ट, आणि जीपीटी झाल्यावर ई परत बनवा.

ऑफिस २०१६ किंवा २०१९ वापरत असाल तर त्यांचाही आधार त्याच १४ ऑक्टोबरला संपलाय, ते विंडोज बदलून सुटत नाही.

आणि पुढेमागे आय३ बदलून टॅली नव्या मशिनवर नेणार असाल, तर जुनं फॉरमॅट करण्याआधी त्यातून लायसन्स सरेंडर करा: एफ१, सेटिंग्ज, लायसन्स, सरेंडर. ते नेट चालू असतानाच होतं, म्हणून वायर सगळ्यात शेवटी काढा.