कोकमतेल आणि पामवर लायपेज एन्झाइम चालवलं, चॉकलेटचं फॅट व्हायच्या ऐवजी मऊ लोणी झालंय, काय चुकलं?

तेलकट_विद्यार्थिनी
नमस्कार मंडळी, एमटेकचं प्रोजेक्ट आहे आणि डोकं फिरायची वेळ आलीय. आयडिया अशी की कोकमच्या तेलात एसओएस भरपूर, म्हणजे फॅटच्या रेणूतल्या तीन फॅटी ॲसिडपैकी दोन्ही कडांना स्टिअरिक आणि मधे ओलिक, आणि पाम मिड फ्रॅक्शनमधे, म्हणजे पामतेलाच्या वेगळ्या काढलेल्या मधल्या भागात, पीओपी, म्हणजे कडांना पामिटिक, मधे परत ओलिकच. दोन्ही एकत्र करून फक्त कडांवर काम करणारं लायपेज घातलं की कडांची अदलाबदल होऊन पीओएस, म्हणजे एका कडेला पामिटिक, दुसऱ्या कडेला स्टिअरिक, तयार होतं, जे कोको बटरमधे सगळ्यात जास्त असतं. कागदावर एकदम भारी.
प्रत्यक्षात ६० डिग्री, तेलाच्या १० टक्के एन्झाइम, मॅग्नेटिक स्टरर, २४ तास, आणि निघालं ते बोटाला चिकटणारं मऊ काहीतरी. ॲसिड व्हॅल्यू, म्हणजे सुट्या फॅटी ॲसिडचं माप, १४!! सर म्हणतात एन्झाइमच खराब आलंय, पण नवीन मागवायचं तर बजेट नाही.

रिफायनरीवाला
एन्झाइमला नंतर शिव्या दे, आधी सांग कोकमतेल कुठलं आणि रिॲक्शनच्या आधीची ॲसिड व्हॅल्यू किती होती?
लायपेजचा मूळ धंदा तेल फोडायचा आहे, आपण त्याला पाण्यापासून लांब ठेवून जोडायच्या कामाला लावतो. एकदम कोरडंठाक पण चालत नाही, एन्झाइमला स्वतःला चिमूटभर पाणी लागतंच, पण त्याच्या वर गेलं की ते आपल्या मूळ धंद्यावर येतं, फ्री फॅटी ॲसिड सुटतं, तीनऐवजी दोनच फॅटी ॲसिडवाले डायग्लिसराइड उरतात, आणि डायग्लिसराइड वाढले की फॅट नीट गोठतच नाही. वरून २४ तास ठेवलंस म्हणजे मधलं ओलिक पण सरकून कडेला गेलं असणार. मग कडांवरच काम करणारं महागडं एन्झाइम घेऊन काय उपयोग.
आणि मॅग्नेटिक स्टरर बंद कर आधी, एन्झाइमचे दाणे भरडले जातात. शेकरवर ठेव.

तेलकट_विद्यार्थिनी
तेल कुडाळजवळच्या एका गावातून आणलंय, हातानं काढलेलं मुठेल. आधीची ॲसिड व्हॅल्यू 🙈 काढलीच नव्हती, आज काढली तर ९ आली.

कोकणची_मावशी
अगो बाय, मुठेल पाण्यात उकळूनच काढतात ना! बिया वाळवून फोडायच्या, कुटायच्या, पाण्यात रटरटवायच्या, वर आलेलं तेल गार झालं की मुठीत वळायचं म्हणून तर मुठेल. पाणी असणारच त्यात. आम्ही टाचांच्या भेगांना लावतो, चॉकलेट करायला निघालीस हे वाचून हसले, पण कर हो.

रिफायनरीवाला
मावशींनी निकालच लावला 😄 सर चुकले, एन्झाइम ठीकच असेल, तू त्याला ओलं आणि आंबट तेल पाजलंस.
आता असं कर, आधी अल्कलीने न्यूट्रलाइज, सुट्या ॲसिडचा साबण होईल, तो साबण नीट धुवून काढ कारण साबणाचा अंश राहिला तर एन्झाइमची वाट लागते, मग ब्लीच, मग व्हॅक्यूममधे ९०-१०० डिग्रीला वाळव. पेरॉक्साइड व्हॅल्यू पण बघ, खवट तेल एन्झाइमला मारतं. आणि दर तासाला सॅम्पल काढ. पामिटिक आणि स्टिअरिक समसमान असतील तर पीओएस ५० टक्क्यांवर अडणार, बाकी एसओएस आणि पीओपी २५-२५, हे साधं गणित आहे, त्याच्या पुढे कितीही फिरवलंस तरी फक्त घाण वाढते. तिथे पोचलं की लगेच गाळून घे.

कोको_बेल्जियम
सगळं बरोबर, पण मूळ प्रश्न कुणी विचारलाच नाही: एन्झाइम हवंच कशाला? युरोपच्या २००० सालच्या डायरेक्टिव्हमधे चॉकलेटात कोको बटरशिवाय ५ टक्क्यांपर्यंत सहाच फॅट चालतात, इलिपे, पाम, साल, शिया, कोकम आणि आंब्याची कोय. आणि अट काय, तर फक्त रिफायनिंग किंवा फ्रॅक्शनेशन (घट्ट-पातळ भाग वेगळे करणं), एन्झाइमने रचना बदललेलं चालणार नाही. म्हणजे तुझं कोकम आणि पाम नुसतं मिसळलं तर इथे पास, आणि इतकी मेहनत करून पीओएस बनवलंस तर बाद!
लायपेजची खरी गरज बाळाच्या दुधात. आईच्या दुधातलं पामिटिक बहुतेक मधल्या जागी असतं, पामतेलात ते कडांना. कडेचं सुटतं, कॅल्शियमबरोबर त्याचा साबण होतो आणि बाळाची शी घट्ट. त्यासाठी मधे पामिटिक, कडांना ओलिक असं ओपीओ लायपेजनेच बनवतात. नुसतं मिसळून ते होत नाही.

तेलकट_विद्यार्थिनी
हे आधी भेटला असतात तर 😭 टायटल रजिस्टर झालंय, आता बदलत नाहीत. नुसतं मिसळलेलं पण शेजारी कंट्रोल म्हणून ठेवते.
अपडेट: वाळवलेल्या तेलावर शेकरवर ४ तास, ॲसिड व्हॅल्यू ०.४ वरून २ झाली फक्त, आणि गार केल्यावर वडी चक्क कटकन तुटली!! पण दोन दिवसांनी वर पांढरे डाग आलेत, हे टेम्परिंगमुळे (ठरावीक तापमानाला हळूहळू गार करून गोठवणं) का उरलेल्या डायग्लिसराइडमुळे?

रिफायनरीवाला
टेम्परिंग केलं होतंस का मुळात?

तेलकट_विद्यार्थिनी
...फ्रिजमधे ठेवलेलं.