मदत हवी आहे: हुगिन आणि मुनिन वेगळे कसे दाखवावेत?

मंडळी, नॉर्स पुराणकथांतल्या ओडिन देवाचे दोन रेवन (कावळ्याच्या कुळातले मोठे काळे पक्षी), विचाराचा हुगिन आणि स्मृतीचा मुनिन, १८ × २४ इंची कॅनव्हासवर अ‍ॅक्रिलिकमध्ये चालू आहेत. डोमकावळा वाटू नये म्हणून जाड चोच, गळ्याखाली पिसांची दाढी आणि पाचरीसारखी शेपटी ठेवली आहे.

ट्यूबमधला काळा वापरलेला नाही. हुगिनला अल्ट्रामरीन (निळा) २ भाग, बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) १. मुनिनला उलट, म्हणजे एक थंड काळा, एक उबदार. ओले असताना फरक छान दिसतो, वाळले की दोघे सारखेच कोळशासारखे! पंखांवरच्या निळ्या झाकेसाठी थॅलो ब्लू १ भाग, ग्लेझिंग मीडियम (रंग पातळ, पारदर्शक करणारं माध्यम) ८ भाग असा थरही दिला. काळ्यावर तो दिसतच नाही. पारदर्शक रंगाला खालून उजेड लागतो, हे कळतं. पण खाली टायटॅनियम पांढऱ्याचा करडा दिला की पिसं खडू फासल्यासारखी होतात. त्याऐवजी जास्त पारदर्शक असा झिंक व्हाइट चालेल का?

दुसरं, ‘ग्रिम्निस्माल’ या जुन्या नॉर्स काव्यात ओडिनला मुनिन परतणार नाही याची भीती जास्त आहे. ती दाखवायला मुनिनच्या कडा धुक्यात विरघळवाव्यात की त्याला नुसता लहान, दूर ठेवावा? मला कडा पटतात, पण अ‍ॅक्रिलिक फार लवकर वाळतं. रिटार्डर (वाळणं लांबवणारं द्रव्य) किती टाकता?