मदत हवी आहे : क्रूझवर दोन बेडरूमचा स्वीट घ्यावा की दोन केबिन?

नमस्कार मंडळी, आम्ही कोल्हापूरच्या राजारामपुरीतले चौघं. मे महिन्यात बार्सिलोनाहून क्रूझला जायचं ठरतंय. मुलगी सोळाची, मुलगा तेराचा. दोघांना एका सोफा-कम-बेडवर झोपवायचे दिवस गेले. गेल्या वर्षी गोव्यात एकाच खोलीत राहिलो, तर रोज सकाळी बाथरूमच्या दारावर थापा! म्हणून नॉर्वेजियन क्रूझ लाइन या कंपनीच्या जहाजावरच्या 'हेवन' या खास स्वीट-विभागातला दोन बेडरूम, दोन बाथरूमचा 'फॅमिली व्हिला' नावाचा स्वीट मनात भरलाय. एजंट म्हणतो, मधलं दार उघडणाऱ्या दोन बाल्कनी केबिन घ्या, स्वस्त पडतील. पण परमुलखात, भर समुद्रात मला मुलं एकाच दाराआड हवीत. दुसरी बेडरूम उंच मुलांना पुरते का? कुणी राहिलं असेल तर प्लीज सांगा, पुढच्या आठवड्यात पैसे भरायचेत.